योहान मार्क आणि परदेशातील बालशिबिर

वाचावयाचे भाग : प्रेषितांची कृत्ये १२:१२, २५; १३:१–१३; १५:३६–४१; कलस्सैकरांस पत्र ४:१०; तीमथ्याला दुसरे पत्र ४:९–१३.



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली म्हणजे आपल्या मंडळ्यांतील तरुणसंघांत एक विचार हटकून निघतो. यंदा आपण परदेशी जावे, आणि तेथील मुलांकरिता पंधरा दिवसांचे शिबिर चालवावे. अमेरिकेतील व कोरियातील मंडळ्यांचे तरुण दरवर्षी हजारोंनी जातात, आपल्याकडील शहरांतले तरुणही जाऊ लागले आहेत. मग खेड्यातील मंडळीनेच का मागे राहावे? यावर वडीलमंडळी दोन तऱ्हांनी उत्तर देतात. काहींना हा उत्साह पाहून भरून येते व ते लगेच अर्पणाची थैली फिरवितात. काही म्हणतात, घरची शब्बाथशाळा चालवावयास दोन माणसे मिळत नाहीत, आणि हे निघाले देशाबाहेर! ही दोन्ही उत्तरे माझ्या परिचयाची आहेत. कारण पहिल्याच्या बळावर मी एकदा गेलो, आणि दुसरे मला परत आल्यावर ऐकावे लागले.

म्हणून या पाठाकरिता मी शास्त्रातील असा एक तरुण घेतला आहे की, जो परदेशी सेवेस गेला, अर्ध्यावरून घरी परतला, त्याच्या परतण्यावरून दोन मोठ्या प्रेषितांत तंटा झाला, आणि तरीही पुढे पौलाने तुरुंगातून त्याची आठवण काढली. उपदेशक बंधूंनी हा पाठ तरुणसंघाच्या सभेत घ्यावा. पण वडिलांनाही त्या सभेस बोलवावे, कारण धडा दोघांसही आहे.

योहान मार्काचे घर यरुशलेमात होते. त्याच्या आईचे नाव मरीया. तिचे घर एवढे प्रशस्त होते की, पेत्र तुरुंगात असता पुष्कळ लोक तेथे प्रार्थनेस जमले होते. दार उघडावयास रुदा नावाची दासी होती. म्हणजे हा मुलगा खाऊनपिऊन सुखी अशा घरात वाढला असावा. बर्णबा व शौल यरुशलेमाहून अंत्युखियास परतले तेव्हा त्यांनी त्याला बरोबर नेले. पुढचा अध्याय नीट पाहा. अंत्युखियाच्या मंडळीत पवित्र आत्म्याने ज्यांना वेगळे करावयास सांगितले ते दोघे होते, बर्णबा आणि शौल. मंडळीने हात ठेवले ते त्या दोघांवर. मार्काचे नाव तेथे नाही. ते येते पाचव्या वचनात, कुप्र बेटातील सलमीन गावी, आणि तेथेही तो सेवक म्हणून येतो.

मूळ ग्रीक भाषेत तेथे ‘हुपेरेतेस’ असा शब्द आहे. लूकाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात नासरेथच्या सभास्थानाची हकीकत आहे, तेथे हाच शब्द येतो. प्रभूने यशयाचे पुस्तक वाचले, ते गुंडाळले, सेवकाच्या हाती परत दिले आणि तो खाली बसला. त्या सेवकाचे नाव लूकाने लिहिले नाही. पुस्तक काढून देणे, वाचून झाल्यावर ते घेणे आणि जागच्या जागी ठेवणे हे त्याचे काम. त्याने भाषण केले नाही. परंतु तो नसता तर त्या दिवशी पुस्तक हाती कोण देता? मार्क अशा कामाकरिता गेला होता. परदेशी शिबिरास जाणाऱ्या तरुणाने आपले काम काय, हे ठरविताना या एका शब्दावर पुष्कळ वेळ थांबावे असे मला वाटते. मी स्वतः जाताना थांबलो नव्हतो.

ती हकीकत आता सांगतो. सन २००१ च्या मे महिन्यात मी धर्मशिक्षण घेत असता आम्ही आठ जण नेपाळास गेलो. मुंबईहून गोरखपूरपर्यंत आगगाडी, तेथून सोनौलीची सरहद्द, आणि पुढे डोंगरांतून काठमांडूपर्यंत मोटारीचा प्रवास. ललितपूर शहराच्या दक्षिणेस एका गावी छोटी मंडळी होती. तिच्या मुलांकरिता सोमवार, २८ मे पासून दोन आठवडे शिबिर घ्यावयाचे होते. नेपाळातील मंडळी तरुण आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. १९५१ च्या पूर्वी त्या देशात ख्रिस्ती मंडळी उघडपणे नांदूच शकत नव्हती. २०११ च्या खानेसुमारीत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शेकडा १.४ होते, आणि २०२१ च्या खानेसुमारीत ते १.७६ भरले. तेथे सुट्टी शनिवारी असते, म्हणून उपासनाही शनिवारीच होते. भेटल्यावर ‘जय मसीह’ म्हणतात. मुले मादलाच्या ठेक्यावर गातात, आणि ती गाऊ लागली म्हणजे आपल्याकडील भजनाची आठवण होते.

आम्ही चित्रे, गाणी, खेळ, रंगीत कागद असे सर्व तयार करून नेले होते. पहिल्याच दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही सज्ज होऊन बसलो, आणि मुले आली नाहीत. दहा वाजले. यजमान मंडळीच्या वडिलांनी शेवटी संकोचाने सांगितले की, मुले शाळेत गेली आहेत. सुट्टी आमची होती! जेठ महिन्यात तेथील शाळा चालू असतात हे विचारावयाचे आमच्यापैकी कोणासही सुचले नव्हते. आणि पाहुण्यांनी तारखा कळविल्यावर त्या बदला असे म्हणणे त्या सज्जनांना जड गेले होते. मग शिबिर सायंकाळी भरू लागले. दिवसभराच्या शाळेने थकलेली मुले डोळे चोळीत बसत, आणि आम्ही त्यांस उड्या मारावयास सांगत असू.

दुसरी गोष्ट भाषेची. नेपाळी भाषा आपल्याच देवनागरी लिपीत लिहितात. त्यामुळे मी त्यांचे शास्त्र हाती घेतले आणि अडखळत का होईना, वाचू लागलो. मुलांस वाटले, या दाइला आपली भाषा येते. मलाही थोडेसे तसेच वाटू लागले. अक्षरे ओळखीची असली म्हणजे अर्थही ओळखीचा आहे अशी मनाची फसगत लवकर होते. तिसऱ्या दिवशी एक लहानगा पोटावर हात ठेवून मला म्हणाला, ‘भोक लाग्यो.’ मी त्याचा सदरा उलटासुलटा करून भोक कोठे पडले आहे ते पाहू लागलो. त्यांच्या भाषेत भोक म्हणजे भूक. मुले पोट धरधरून हसली. तेथील शब्बाथशाळेची शिक्षिका, वीसएक वर्षांची मुलगी, उठली व तिने त्या मुलास मूठभर भाजलेला मका आणून दिला. दोन दिवस तो आमच्या वर्गात उपाशी बसत होता हे तिला ठाऊक होते, मला नव्हते.

आमचा कार्यक्रम चालू असता ही मुलगी मागे भिंतीशी उभी राहत असे. आम्ही तिला कागद वाटावयास सांगत असू. आता आठवले म्हणजे मला लाज वाटते. सेवक कोणी व्हावयाचे आणि पुस्तक कोणाच्या हाती द्यावयाचे, याची आम्ही सरळ उलटापालट केली होती.

मग शुक्रवार, १ जूनची रात्र आली. राजवाड्यात राजे वीरेंद्र, राणी ऐश्वर्या व राजघराण्यातील अनेक माणसे गोळीबारात मारली गेली. शनिवारी आम्ही उपासनेस गेलो तो लोक रडत होते. रेडिओवर शोकसंगीताखेरीज काही नव्हते. पुढील दिवसांत पुष्कळ पुरुषांनी दुःखाने डोकी मुंडविली. सोमवारी, ४ जूनला, शहरात दंगे होऊन संचारबंदी पुकारण्यात आली. पाच महिन्यांपूर्वीच, डिसेंबर २००० मध्ये, एका हिंदी सिनेनटाच्या तोंडी घातलेल्या खोट्या वाक्यावरून तेथे भारतीय लोकांविरुद्ध दंगल उसळली होती. म्हणून यजमान वडिलांनी आम्हांस बाजारात हिंदीत मोठ्याने न बोलण्याविषयी बजावले. मी भ्यालो. घरी आई एकटी होती. तिचा निरोप आला होता की, असशील तसा निघून ये. संचारबंदी काही तास उठताच मी व आणखी एक जण मिळेल त्या गाडीने सरहद्दीकडे निघालो. सहा जण राहिले.

पिर्गा हे गाव आजच्या तुर्कस्थानाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आहे. कुप्र बेट बर्णबाचे जन्मस्थान. तेथवर मार्काला परके वाटण्याचे कारण नव्हते. पुढे मात्र तारस पर्वताच्या अवघड वाटा होत्या. पिर्गास मार्क त्यांना सोडून यरुशलेमास परत गेला, एवढेच लूक सांगतो. का गेला, हे सांगत नाही. कोणी म्हणतात भीती, कोणी आजार, कोणी आईची ओढ. कोणी असेही म्हणतात की, बर्णबापेक्षा पौल पुढे होऊ लागला हे त्याला रुचले नाही. लूक गप्प राहिला आहे आणि मला त्याचे गप्प राहणे आवडते. जो मनुष्य परत येतो त्याला स्वतःलाही कारण पुरते सांगता येत नाही. मला आईचे कारण होते आणि ते खरे होते. परंतु आईचा निरोप आला नसता तर मी राहिलो असतो असे मी शपथेवर सांगणार नाही.

पुढे पौल व बर्णबा यांनी मंडळ्यांची पुन्हा भेट घेण्याचे ठरविले, तेव्हा बर्णबाने मार्काला घ्यावे म्हटले व पौलाने नको म्हटले. तंटा एवढा पेटला की, ते एकमेकांपासून वेगळे झाले. आपल्या उपदेशांत बहुधा एकास दोषी ठरवून दुसऱ्यास निर्दोष करण्याची चाल आहे. मला तसे करवत नाही. पौलाची बाजू अशी की, ज्या मंडळ्यांकडे जावयाचे त्या नव्या होत्या, छळ सोसत होत्या. त्यांच्या दाराशी अर्ध्यातून पळणारा मनुष्य नेणे म्हणजे त्यांच्या खर्चाने एका तरुणाचे शिक्षण करणे. हा आक्षेप खोटा नाही. शिबिरास जाणारे तरुण ‘आम्हांस फार शिकावयास मिळाले’ असे परत येऊन सांगतात, तेव्हा पौलाचा हा प्रश्न मनात यावा : ते कोणाच्या खर्चाने शिकलात? बर्णबाची बाजू अशी की, पडलेल्यास घरीच पडू दिले तर तो तेथेच मुळे धरतो. पण बर्णबाने मार्काला कोठे नेले ते पाहा. कुप्रास, म्हणजे आपल्या स्वतःच्या गावाकडे. जेथली भाषा आणि माणसे ठाऊक होती तेथे.

माझ्याही वाट्यास दोघे आले. पुढल्या एका फेरीसाठी मी नाव दिले तेव्हा ते कापण्यात आले. ते योग्य झाले असे मी आज म्हणतो, जरी त्या वेळी आठ दिवस जेवण गोड लागले नाही. आणि आमच्या भागातील एक म्हातारे उपदेशक होते. त्यांनी मला सायकलीवर मागे बसवून पावसाळाभर वाड्यावस्त्यांतून फिरविले. ते बोलत आणि मी गीतांची पुस्तके वाटून परत गोळा करीत असे. नेपाळचे त्यांनी एकदाही विचारले नाही.

आता त्या शिबिराचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. राहिलेल्या सहा जणांस संचारबंदीमुळे घराबाहेर पडता येईना. ती शिक्षिका मात्र गावचीच. तिने मुलांचे तीन गट केले, ज्या घरांना मागल्या अंगणातून जाता येत होते अशी तीन घरे निवडली, आणि आमची चित्रे घेऊन दुसरा आठवडा तिने एकटीने पुरा केला. आमचे खेळ तिने गाळले. राजा मेला असता मुले कशी नाचतील? त्याऐवजी लाजाराच्या कबरेपाशी प्रभू रडला तो भाग तिने घेतला. हे आम्हांस सुचले नसते, कारण त्या कार्यक्रमाची छापील पुस्तिका दोन महिने अगोदर बांधून झाली होती. ही सर्व हकीकत मला तिच्या पत्राने कळली. पत्रात एक शब्दही दोषाचा नव्हता. फक्त इतके विचारले होते की, तुमची आई बरी आहे ना.

पैशाचाही विचार करावा लागतो. मंडळीच्या अर्पणातून भाडे जाते म्हणून तो टाळू नये. आम्हां आठ जणांचे जाण्यायेण्याचे जेवढे झाले तेवढ्यात त्या शिक्षिकेला वर्षभर मानधन देता आले असते. श्रीमंत देशांच्या मंडळ्यांत हा हिशेब आणखी विपरीत होतो. १९९८ च्या ऑक्टोबरात मध्य अमेरिकेतील होन्डुरास देशावर मिच नावाचे मोठे वादळ आले. घरे बांधून देण्यास उत्तर अमेरिकेतील मंडळ्यांचे गट गेले. कर्ट व्हर बीक नावाच्या एका ख्रिस्ती समाजशास्त्रज्ञाने याचा अभ्यास करून २००६ साली तो प्रसिद्ध केला. स्थानिक संस्थेस जे घर सुमारे २,००० डॉलरांत बांधता येई, तेथे येणाऱ्या गटाचा प्रवासखर्चच सुमारे ३०,००० डॉलर होई. पाहुण्यांनी बांधलेल्या घरात राहणारे आणि स्थानिक लोकांनी बांधलेल्या घरात राहणारे यांच्या जीवनात त्याला काही विशेष अंतर दिसले नाही. आणि गेलेल्या तरुणांचे घरी आल्यावरचे दान व प्रार्थना फार वाढली असेही नाही. यावरून कोणी जाऊच नये असे मी म्हणत नाही. मात्र ‘आपण जाणे हेच दान’ ही समजूत अगोदर तपासून घ्यावी.

दुसरा विचार कायद्याचा. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेचे २६ वे कलम दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते. ऑगस्ट २०१८ पासून अमलात आलेल्या फौजदारी संहितेत त्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अपराधी परदेशी असल्यास शिक्षा भोगल्यावर सात दिवसांच्या आत त्याला देशाबाहेर घालवितात. आपल्या देशातही पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी मनुष्यास धर्मप्रचाराची परवानगी नसते, हे पाहुण्यांना व्यासपीठावर उभे करणाऱ्या आपल्या काही मंडळ्या विसरतात. कायदा मोडून शिबिर घेतले तर पाहुणा बहुधा सुटून घरी जातो. खटला राहतो तो यजमानांवर. भीतीने पळणे हा मार्काचा दोष, तसा दुसऱ्याच्या जिवावर धीट होणे हाही एक दोष आहे. आणि तरुणांत तो अधिक आढळतो, कारण त्याला लोक विश्वास असे नाव देतात.

येथे एखादा तरुण वाचक मनात म्हणेल, पाळकसाहेबांना आमचे पंख कापावयाचे आहेत. तसे मुळीच नाही. आपल्याच कोल्हापुरात १८६३ साली एका अमेरिकन मिशनऱ्याच्या घरी रॉबर्ट वाइल्डर जन्मला. १८८६ च्या जुलैत अमेरिकेतील मौंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे जवळजवळ महिनाभराचे उन्हाळी शिबिर भरले, त्याला सुमारे अडीचशे विद्यार्थी होते. वाइल्डर व त्याची बहीण ग्रेस यांनी अगोदरपासून त्याकरिता प्रार्थना चालविली होती. शिबिर संपले तेव्हा शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेस जाण्याची तयारी लिहून दिली, आणि त्यातून जी चळवळ निघाली तिने पुढील साठ वर्षांत वीस हजारांवर माणसे निरनिराळ्या देशांत धाडली. ग्रेस कोल्हापूरकडे परत आली व येथेच तिने सेवा केली. उन्हाळी शिबिराची थोरवी आम्ही मराठी ख्रिस्ती लोकांनी तरी नाकारू नये. परंतु त्या शिबिरात तरुण आपल्याच देशात बसून ऐकत होते, प्रार्थना करीत होते. आणि नंतर जे गेले ते भाषा शिकावयास व राहावयास गेले. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस उतरला. त्याने मराठी शिकून घेतली, आणि १८२६ साली उपदेशाच्या फेरीवर असता पटकीने तो मरण पावला. तो पंधरा दिवसांकरिता आला असता तर त्याला आपल्या भाषेतले भोक आणि भूक कळण्यापूर्वीच परत जावे लागले असते.

आता पंधरा दिवसांचे जाणे सर्वथा व्यर्थ काय? मलाही बरीच वर्षे तसे वाटत होते. पुढील प्रसंगाने मत थोडे पालटले.

शनिवार, २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास नेपाळात भूकंप झाला. तो उपासनेचा वार आणि उपासनेचीच वेळ. पुष्कळ ठिकाणी माणसे प्रार्थनामंदिरांतच दगावली. साऱ्या देशात सुमारे नऊ हजार लोक मरण पावले. त्या गावच्या मंदिराची एक भिंत पडली. मंडळीतील माणसे वाचली, घरे मात्र गेली. आमच्या मंडळीतील तरुण ताबडतोब जावयास निघाले. मी या वेळी शहाणपणा शिकलो होतो. ती शिक्षिका आता संसारी होऊन मंडळीच्या शब्बाथशाळेची प्रमुख झाली होती. मी तिला विचारले. उत्तर आले : आता माणसे पाठवू नका, येथे झोपावयास जागा नाही, पाणी नाही, पैसे पाठवा, पावसापूर्वी जस्ताचे पत्रे घ्यावयाचे आहेत. तरुण खट्टू झाले. पैसे पाठविले. त्या वर्षाच्या शेवटी सरहद्दीवर मालाची अडवणूक होऊन तेथे इंधनाचे व औषधांचे हाल झाले. भारतीय मनुष्य पुन्हा एकदा तेथे नकोसा झाला. आम्ही वाट पाहिली.

२०१६ च्या चैत्रात तिचे पत्र आले. मुले अजून छपराखाली बसावयास भितात. असारात शाळेला सुट्टी होईल तेव्हा ताडपत्रीखाली शिबिर घेणार आहोत. दोन माणसे पाठवा, अधिक नको. आमच्याकडील एक भाऊबहीण तयार झाली. बहीण बालवाडीत शिकविणारी. तालुक्याच्या गावी रात्री शिट्टी वाजवीत फिरणारा जो गुरखा आहे, त्याच्या बायकोकडे दर रविवारी जाऊन दोघांनी तीन महिने नेपाळी बोलण्याचा अभ्यास केला. (हा परदेश दहा वर्षे आपल्या बाजारपेठेतून चालत होता, त्याच्या घरी मंडळीतील कोणीही तोवर गेले नव्हते.) दरम्यान जून महिन्यात दोलखा जिल्ह्यातील चरिकोट येथे, शाळेतील मुलांस प्रभूच्या चरित्राची पुस्तिका वाटल्यावरून, आठ ख्रिस्ती लोकांवर खटला भरण्यात आला. डिसेंबरात ते निर्दोष सुटले. परंतु त्या वेळी काय होईल हे कोणास ठाऊक नव्हते. तिने पुन्हा लिहिले : या, पण छापील कागद आणू नका, मुले आमच्याच घरची असतील आणि त्यांच्या आईबापांची संमती घेतलेली असेल, बोलणार आम्ही.

ती दोघे गेली. त्यांनी काय केले असे मंडळीने विचारले तेव्हा भावाने सांगितले, पाणी भरले. बहिणीने सांगितले, कागद कापले, आणि एक मुलगी होती ती कोणाचा तरी पदर धरल्याशिवाय बसत नसे, तिच्याजवळ बसले. पंधरा दिवस ती मुलगी तिच्या ओढणीचे टोक हातात गुंडाळून बसली होती. वर्ग घेतला तो तेथील शिक्षिकेने आणि तिच्या तीन मदतनीस मुलींनी. आमच्या वडिलांपैकी एक जण निराश होऊन म्हणाले, म्हणजे आपल्या मुलांनी शिकविले काहीच नाही? मी त्यांस लूकाचा चौथा अध्याय काढून दिला.

पौलाने तीमथ्याला दुसरे पत्र लिहिले तेव्हा पिर्गाच्या गोष्टीस पंधरावीस वर्षे लोटली होती. तो तुरुंगात होता, सोबती पांगले होते, एकटा लूक जवळ होता. त्या पत्रात तो तीमथ्याला मार्काला बरोबर घेऊन यावयास सांगतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. पहिल्या वेळी मार्काला कोणी नेले होते. या वेळी त्याला कोणी मागितले आहे. तरुणसंघाच्या सभेत या दोन वचनांची तुलना करावी, आणि ज्यांना जावयाचे आहे त्यांना विचारावे की, त्यांना तेथे कोणी व कोणत्या महिन्यात मागितले आहे. त्याच पत्रात दोन वचने पुढे पौल त्रोवसास कर्पाजवळ राहिलेला झगा आणि पुस्तके आणावयास सांगतो. मार्क, झगा, पुस्तके, सर्व एका दमात.

आमच्या त्या भाऊबहिणीस परत येऊन दोन महिने झाले तोच नेपाळहून पत्र आले. पुढच्या असारात तुमच्या त्या मुलीला पुन्हा पाठवा, असे त्यात लिहिले होते. आणि येताना चार चांगल्या कात्र्या आणावयास सांगा, येथल्या बोथट झाल्या आहेत.